कशाने आलात?

पावसाळा सरला आणि हवा जराशी निवळली, की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत एक लेख हमखास छापून येतो. त्याचा मथळा दर वर्षी बदलतो, मजकूर मात्र तोच असतो. कार्यालयात चालत जा. वजन उतरेल, रक्तदाब आटोक्यात राहील, पेट्रोलचे पैसे वाचतील, चित्त प्रसन्न राहील. सोबत पांढरे बूट घातलेल्या, हसऱ्या, गोऱ्यापान जोडप्याचे छायाचित्र असते आणि त्यांच्या पायाखाली नागपुरात कुठेही न आढळणारा पदपथ असतो. हा लेख आम्ही वर्षानुवर्षे वाचला आणि दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, त्याचे म्हणणे प्रमाण मानून घराबाहेर पडलो. आमचे घर शंकरनगर चौकाच्या अलीकडे, कार्यालय सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी. अंतर सव्वातीन किलोमीटर. उत्तर अंबाझरी मार्गाने झाशी राणी चौक, तेथून सीताबर्डीतून झिरो माइल, आणि पुढे थोडे. दोन वर्षे हा रस्ता पायांनी मोजल्यावर आमचे मत असे झाले आहे की त्या लेखातले प्रत्येक वाक्य खरे असून लेख एकंदरीत दिशाभूल करणारा आहे. तो का, हे येथे मांडायचे आहे.

पहिल्या आठवड्यातला अनुभव आधी सांगतो. कार्यालयात पोचल्यावर, कोणाच्या घरी गेल्यावर, बँकेत ओळखीचा माणूस भेटल्यावर नागपुरात विचारला जाणारा पहिला प्रश्न म्हणजे ‘कशाने आलात?’. त्याचे उत्तर ‘गाडीने’ असे असते, आणि येथे गाडी म्हणजे बहुधा दुचाकी. ‘पायी’ हे उत्तर दिले की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर चिंता उमटते. ‘पैदल काहून? गाडी बिघडली का?’ पहिल्या महिन्यात अकरा जणांनी आमच्याजवळ गाडी थांबवून ‘बसा मागं’ म्हटले. माणसे प्रेमळच. पण त्या प्रेमात एक गृहीत होते: कामाच्या वेळी कामाच्या रस्त्यावर चालणारा माणूस अडचणीत असलाच पाहिजे. त्यातून सुटण्यासाठी आम्ही एक उत्तर तयार केले, ‘व्यायाम म्हणून’. हे उत्तर मंत्रासारखे लागू पडले. चिंता मावळली, कौतुक उगवले. ‘वा, छान, आम्हीही सुरू करणार आहोत.’ पाय तेच, रस्ता तोच, घामही तोच. बदलले होते ते केवळ कारण. हे कारण इतके का चालते, याचा विचार आम्ही तेव्हापासून करीत आहोत.

मराठीत ‘फिरायला जाणे’ आणि ‘पायी जाणे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फिरायला जाणारा परत घरीच येतो, त्याला कुठे पोचायचे नसते. पहाटे अंबाझरीच्या किंवा फुटाळ्याच्या काठावर पाहावे: लोक चारचाकीने येतात, ती रस्त्याच्या कडेला लावतात, तासभर चालतात आणि चारचाकीनेच परत जातात. सिव्हिल लाइन्समध्ये तर ‘वॉकर्स स्ट्रीट’ या नावाचाच रस्ता आहे. तेथील चालणे प्रतिष्ठित आहे. वारीतले चालणे पवित्र आहे. विनोबा १९५१ च्या मार्चमध्ये आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून पायी निघाले आणि भूदानासाठी तेरा वर्षे देशभर चालले. ते चालणे वंदनीय आहे. म्हणजे चालण्याचा मान आपल्या समाजात मुळीच कमी नाही. तो मान आरोग्यासाठी चालणाऱ्याला मिळतो, देवासाठी चालणाऱ्याला मिळतो, ध्येयासाठी चालणाऱ्याला मिळतो. फक्त दहाच्या ठोक्याला हजेरी लावायची म्हणून चालणाऱ्याला तो मिळत नाही. आणि या शहरात सर्वांत जास्त चालणारी माणसे याच शेवटच्या वर्गातली आहेत.

२०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन कोणते, हे विचारले गेले. शेतीबाहेर काम करणाऱ्यांत पायी जाणाऱ्यांचा वाटा देशभरात पाचांत एकाहून अधिक निघाला. दुचाकीने जाणारे त्याहून पुष्कळ कमी होते. आकड्यांकडे न जाता सकाळी साडेआठला शंकरनगर चौकात उभे राहिले तरी हेच दिसते. धरमपेठ, रामदासपेठेतल्या घरांकडे धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका, रात्रपाळी संपवून परतणारे पहारेकरी, ठिय्यावर उभे राहण्यासाठी डबा घेऊन निघालेले मजूर, स्पर्धा परीक्षांच्या वर्गांना जाणारी खेड्यांतली मुले. यांपैकी कोणाच्याही मनगटावर पावले मोजणारे घड्याळ नसते.

पांढराबोडीहून बर्डीच्या दिशेने रोज चालणाऱ्या एका बाईंशी आमची याच रस्त्यावर ओळख झाली. त्या एका कार्यालयात साफसफाई करतात. आम्हांला सलग काही दिवस पाहिल्यावर त्यांनी विचारले, ‘‘भाऊ, गाडी विकली का?’’ आम्ही आमचे ठेवणीतले उत्तर दिले. त्या हसल्या. ‘‘मी तं बारा वर्षांपासून पैदलच जातो. बसचे जाऊन-येऊन वीस लागतेत. महिन्याचं अर्धं सिलेंडर निंघते त्याच्यात.’’ बचत हा शब्द त्या पुरवणीतल्या लेखाने वापरला होता आणि बाईंनीही तोच हिशेब मांडला; पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बारा वर्षांत त्यांच्याजवळ कोणी गाडी थांबवून ‘बसा’ म्हटले नाही, आणि त्यांच्या प्रकृतीबद्दल त्यांचे अभिनंदनही कोणी केले नाही.

आता त्या लेखाचा आधी आरोग्याचा आणि मग पैशाचा दावा तपासू.

चालण्याने प्रकृती सुधारते यात शंका घेण्याचे कारण नाही. पण हे ज्ञान आले कोठून? १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरवर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिना चढउतार करणारा. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत स्पष्टपणे कमी आढळले. श्रम आणि हृदय यांच्या संबंधाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया ज्याच्या पायांनी घातला, तो व्यायामशाळेत जाणारा गृहस्थ नव्हता; तो तिकिटे देणारा नोकरदार होता आणि आपल्या कामाचाच भाग म्हणून चढत होता. उलट, रोज दहा हजार पावलांचा जो आकडा आज धर्माज्ञेसारखा उच्चारला जातो, तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला काढलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. अलीकडे, २०१९ साली, वयस्क स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपासच लाभाची चढण सपाट झालेली दिसली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम श्रम पुरेसा मानते. आमचे एका बाजूचे चालणे चाळीस मिनिटांचे. म्हणजे आठवड्याचा हा कोटा दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पुरा होतो. कार्यालय अर्ध्या अंतरावर असते तरी तो सहज पुरा झाला असता. सांगायचा मुद्दा असा की कामावर नीट चालत जाता आले तर व्यायाम हा वेगळा विषयच उरत नाही. त्यासाठी वेगळा वेळ, वेगळे कपडे, वेगळे उद्यान आणि तेथवर जायला गाडी लागत नाही.

पैशाचा हिशेब याहून बोधप्रद आहे. रोजचे साडेसहा किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस; आमची गाडी न चालल्याने महिन्याला साडेतीन-चार लिटर पेट्रोल वाचते. पेट्रोलने २०२१ मध्ये शंभरी ओलांडली, त्या मानाने चारशे रुपयांच्या आसपास. पण बुटांचा जोड आठ महिन्यांत झिजतो. वाटेत एक चहा होतो, उन्हाळ्यात उसाचा रस होतो. उभ्या गाडीचा विमा भरावाच लागतो आणि बॅटरी उतरते ती वेगळीच. वर्षाअखेरीस आम्ही वही मिटली तेव्हा शिल्लक जवळपास शून्य होती. खरी बचत केव्हा होईल? घरात दुसरी गाडी घ्यावी लागणार नाही तेव्हा. आमच्या घरात ती घ्यावी लागली, कारण मुलीचे महाविद्यालय जेमतेम अडीच किलोमीटरवर असूनही हिवाळ्यात सहा वाजता अंधार पडल्यावर त्या रस्त्याने तिने एकटीने चालत यावे, असे म्हणण्याचा धीर आम्हांला झाला नाही. म्हणजे आमची बचत आमच्या निश्चयावर अवलंबून नव्हतीच. ती पदपथावर, दिव्यांवर, चौक ओलांडण्याच्या सोयीवर अवलंबून होती. पुरवणीतला लेख नेमके हेच लपवतो. ज्याची सोय समाजाने एकत्र करायची, ते तो एकेका वाचकाच्या इच्छाशक्तीचे काम ठरवतो, आणि चालणे बंद पडले की दोष वाचकाच्या आळसाला लावून मोकळा होतो.

इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ पासून सुधारित रूपात उपलब्ध आहेत. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे त्यांत म्हटले आहे. दीडशे मिलिमीटर म्हणजे साधारण वीतभर उंचीहूनही कमी. आमच्या मार्गावर काही ठिकाणी पदपथ चढायला गुडघा हाताने उचलावा लागतो. वर चढले की विजेची पेटी येते, पुढे दुकानाचा उतार येतो, त्यापुढे दुचाक्यांची रांग, त्यापुढे निखळलेले गट्टू. खाली उतरावे तर काँक्रीटचा गुळगुळीत रस्ता आणि त्यावरून सुसाटणाऱ्या गाड्या. पदपथावरून न उतरता सलग शंभर पावले टाकता येतील अशी एकच जागा आम्हांला या मार्गावर सापडली आहे, ती एका जुन्या बंगल्याच्या कुंपणालगत. सगळा दोष फेरीवाल्यांच्या माथी मारण्याची रीत आहे, ती आम्हांला मान्य नाही. पायी चालणाऱ्याला पाणी, चहा, सावलीचा तुकडा आणि रात्री आठ वाजता माणसाची जाग फेरीवालाच देतो. २०१४ च्या कायद्याने त्याचा हक्कही मान्य केला आहे. पदपथ खऱ्या अर्थाने अडवला आहे तो उभ्या वाहनांनी. पण ती आपली स्वतःची असल्यामुळे त्यांना कोणी अतिक्रमण म्हणत नाही.

नागपूरचा उन्हाळा हा यावरचा ठरलेला आक्षेप आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर दुपारी चालणे हा हट्ट होतो. मे महिन्यात आम्हीही सकाळी सातला निघतो आणि परतीला मेट्रो धरतो. परंतु उन्हाळा येथे काही नवा नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, चौकात पाणपोई, रस्त्याला कडुनिंब अशी त्यावरची उत्तरे या शहराला पूर्वीपासून ठाऊक होती, आणि ती सगळी पायी चालणाऱ्यासाठी होती. आजची उत्तरे कोणासाठी आहेत ते पाहा. अलीकडच्या उन्हाळ्यांत भर दुपारी शहरातल्या काही चौकांतले सिग्नल बंद ठेवले गेले, दुचाकीस्वारांना उन्हात ताटकळावे लागू नये म्हणून. हेतू सहानुभूतीचा होता. पण सिग्नल बंद असला की गाड्यांचा ओघ थांबतच नाही, आणि पायी चालणारा त्याच उन्हात, दुभाजकावर, सावलीविना उभा राहतो. त्याची आठवण कोणालाही झाली नाही, यावर आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. कोणी त्याचे वाईट चिंतले नव्हते. तो हिशेबातच नव्हता.

‘मेट्रो आहे ना’ असेही म्हटले जाते. मेट्रो २०१९ पासून आहे, आमच्याच मार्गावर डोक्यावरून जाते, आणि आम्हांला ती आवडते. पण मेट्रोचा प्रत्येक प्रवासी दोन्ही टोकांना पादचारीच असतो. स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता जर पायांना नकोसा वाटत असेल, तर माणूस मेट्रोऐवजी गाडीच काढतो. कोट्यवधींचे खांब उभारताना त्यांच्या पायथ्याचा वीतभर रस्ता विसरणे हे काटकसरीचे लक्षण नव्हे.

हे शहर मुळात असे नव्हते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे तिच्या भोंग्यावर कामगारांचे लोंढे पायी आणि सायकलीने ये-जा करीत राहिले. कारखाना आणि वस्ती यांतले अंतर पायांच्या मापाने ठरत असे. २००२ मध्ये ती गिरणी कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. नव्या नोकऱ्या हिंगणा, मिहान, बुटीबोरीकडे गेल्या, म्हणजे गाडीच्या मापाने ठरलेल्या जागी गेल्या. तिथे पायी जा, असा उपदेश करणे ही थट्टाच होईल आणि आम्ही तो करीत नाही. आमचे म्हणणे त्यांच्याबद्दल आहे, जे आजही तीन किलोमीटरच्या आत कामाला जातात आणि ज्यांच्यासाठी रस्ता उरलेला नाही.

सीताबर्डीतून झिरो माइलकडे जाताना आम्ही रोज ज्या उड्डाणपुलाखालून जातो, त्याला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा विधान भवनाकडे चालत निघाला होता. हिवाळी अधिवेशन सुरू होते. चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. त्यांत स्त्रिया आणि मुले बहुसंख्य होती. त्यांच्या मागण्यांचा इतिहास हा या लेखाचा विषय नाही आणि त्यांच्या मरणाचा उपयोग आमच्या पदपथासाठी करावा, इतके आम्ही निर्ढावलेलो नाही. पण एवढे नोंदवल्याशिवाय राहवत नाही की चालत आलेल्या आणि चालतानाच चिरडल्या गेलेल्या माणसांची आठवण म्हणून या शहराने ज्याला त्यांचे नाव दिले, त्या पुलावरून केवळ वाहने धावतात. ज्यांनी हे नाव दिले त्यांना यात काही विपरीत वाटले नसावे. आम्हांलाही गाडीवरून जाताना वीस वर्षे वाटले नव्हते. ते खालून चालल्यावर वाटले.

येथे एक आत्मपरीक्षण आवश्यक आहे. चालू लागल्याने आम्ही त्या पांढराबोडीच्या बाईंचे सहप्रवासी झालो, असा भाबडेपणा आम्ही करणार नाही. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात वारीचे वर्णन करताना एक सल नोंदवली आहे: एकाच वाटेवर, एकाच देवाकडे चालणाऱ्या लोकांच्या पंक्ती मात्र वेगवेगळ्या बसत होत्या. एकत्र चालण्याने माणसे आपोआप एक होत नाहीत. आम्हांला पाऊस आला तर रिक्षा परवडते, ताप आला तर गाडी दारात उभी आहे. आमचे चालणे ही निवड आहे, त्यांचे चालणे ही सक्ती. आणि तरीही दोघांना लागणारा पदपथ एकच आहे. म्हणूनच ज्याला निवड आहे त्याने ‘व्यायाम’ आणि ‘बचत’ यांच्या आडोशाला उभे राहू नये असे आम्हांला वाटते. तो आडोसा घेतला की आपण रस्त्यावर हक्क सांगत नाही, सवलत मागतो. सकाळी तासभर चालायला एखादा रस्ता मिळाला की आपले समाधान होते, आणि उरलेला दिवस, उरलेले शहर, उरलेली माणसे यांच्याविषयी बोलायला आपण मोकळे राहत नाही.

हा हक्क आम्ही आमच्या मनाने काढलेला नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. ‘जीविताच्या’ हा शब्द येथे अलंकारिक नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती, म्हणजे जवळजवळ पाचांत एक. पुरवणीतला लेख चालण्याने वाढणाऱ्या आयुष्याचा हिशेब देतो. या बत्तीस हजारांचा उल्लेख त्यात कधी आलेला आम्ही वाचला नाही.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. नवे उद्यान नको, चालण्याचा महोत्सव नको, पावलांची स्पर्धा तर नकोच. शंकरनगरपासून झिरो माइलपर्यंत न उतरता चालता येईल असा, नियमात लिहिलेल्या रुंदीचा आणि उंचीचा पदपथ हवा. दुपारी सिग्नल बंद करायचेच असतील तर चौक ओलांडणाऱ्यासाठी आधी काही सोय हवी. काँक्रीट ओतताना झाडाच्या बुंध्याला श्वास घेण्यापुरती माती सोडलेली हवी. हिवाळी अधिवेशनाच्या आधी जसे रस्त्यांचे पट्टे रंगवले जातात, तसे संध्याकाळी सहानंतरचे दिवे एकदा कोणीतरी पायी फिरून मोजावेत. आणि हे काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी, मे महिन्यातल्या कोणत्याही एका दिवशी, दुपारी एक वाजता, कामाचे कागद हातात घेऊन हा सव्वातीन किलोमीटरचा रस्ता चालून दाखवावा.

आमच्यापुरते आम्ही एवढेच बदलले आहे की ते ठेवणीतले उत्तर टाकून दिले. मागच्या आठवड्यात अलंकार टॉकीजपाशी एका जुन्या परिचितांनी गाडी थांबवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘पैदल काहून चालले?’’ आम्ही म्हटले, ‘‘कामाला जातोय.’’ त्यांना ते उत्तर पुरेसे वाटले नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते. ते थोडा वेळ थांबले, मागची जागा हाताने झटकली, आणि आम्ही बसत नाही असे पाहून निघून गेले. पांढराबोडीच्या बाई तोवर पुष्कळ पुढे गेल्या होत्या. त्यांना साडेनवाच्या आत पोचायचे असते.